दोन गज नसावे

अनुवादाच्या 25 व्या अध्यायांत देवानें इस्राएल लोकांस बजावलें आहे कीं, थैलींत लहानमोठीं वजनें बाळगूं नयेत, आणि घरांतहि लहानमोठीं मापें ठेवूं नयेत. ह्यांतील 'घर' हा शब्द आपण वाचतांना सहज ओलांडून जातों. प्रिय वाचकहो, आज त्याच शब्दापाशीं थोडें थांबूं.

सहाव्या शतकांत कॉस्मस नामक ख्रिस्ती मनुष्यानें 'कल्लियाना' बंदराविषयीं लिहून ठेविलें कीं, तेथून कापड परदेशीं जातें आणि तेथें ख्रिस्ती मंडळीचा बिशपहि आहे. तें बंदर म्हणजे आपलें कल्याणच, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हां कापड आणि उपासना ह्यांचा शेजार आपल्या प्रांतास नवा नाहीं. आजहि मुरबाडकडील लोक लग्नाचा बस्ता बांधावयास कल्याणास उतरतात. आणि कल्याण-डोंबिवलींतील कितीएक संसारी माणसें रोज आगगाडीनें ठाण्याच्या व मुंबईच्या कापडदुकानांत नोकरीस जातात.

पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांत तीस-पस्तीस वर्षें उभा राहिलेला असा एखादा सेल्समन डोळ्यांपुढें आणा. त्याच्या देखत धंदा पालटला. 1925 सालीं ठाण्यांत उभ्या राहिलेल्या रेमंडच्या गिरणींतील उत्पादन 2009 सालीं थांबलें. शर्टपीस घेऊन शिंप्याकडे जाणारीं गिऱ्हाइकें कमी झालीं व तयार कपड्यांचे ढीग वाढले. परंतु त्याची परीक्षा तीच राहिली. कापड ताणून मोजलें तर गिऱ्हाइकास बोटभर कमी मिळतें, आणि तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. चाळीस नंबरचा शर्ट संपला असतां बेचाळिसाचा पुढें करून, "धुतल्यावर बरोबर बसेल," असें म्हणणें सोपें असतें. समोर उभा असलेला बाप भाताचे पैसे गांठीस बांधून मुलाच्या लग्नासाठीं आलेला असतो. त्याला खरें सांगून रिकाम्या हातीं जाऊं देणें हीहि देवाची सेवा आहे.

परंतु दुकानांत गज खरा असला म्हणजे नियमशास्त्र पुरें झालें काय? वीस शर्ट उलगडावयास लावून कांहींच न घेणाऱ्या गिऱ्हाइकास हा मनुष्य हंसून म्हणतो, "पुन्हां या, साहेब." रात्रीं गर्दींतून घरीं पोहोंचल्यावर मुलानें एकच गोष्ट दोनदां विचारली, तर तो काय म्हणतो? परक्यांस लांब गजानें सौजन्य मोजून दिलें आणि पत्नीस व लेकरांस आंखूड गजानें, तर घरांत दोन मापें झालीं नाहींत काय?

त्याचे पाय दिवसभर उभें राहून भरून आलेले असतात, हेंहि आम्ही विसरत नाहीं. गिऱ्हाइकास गादी आणि नोकरास स्टूलसुद्धां नाहीं, असा मालक आपल्या थैलींत दोन वजनें बाळगतो. केरळांत 2018 सालीं व तामिळनाडूंत 2021 सालीं दुकानांतील नोकरांस बसावयास जागा मिळावी म्हणून कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. जें कायद्यानें करावें लागलें, तें ख्रिस्ती दुकानदारानें आपण होऊन करावें. आणि गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्या आपणहि उगाच ढीग उपसावयास लावूं नये.

उपदेशक बंधूंनो, हें वचन आपल्याहि उंबऱ्याच्या आंत येतें. मंडळींत आपली वाणी मधुर असते. तीच चुलीपाशीं कशी असते, हें पत्नीस ठाऊक असतें. नोकरींतून निवृत्त होणाऱ्या त्या सेल्समनला दुकानदार कदाचित् शाल देईल. परंतु "आमचे बाबा बाहेर जसे, तसेच घरीं," असें त्याच्या लेकरांनीं म्हणावें, ही साक्ष तिच्याहून मोठी आहे.

प्रभूनें आपणांस कृपा मोजून देतांना हात आंखडला नाहीं. तर मग आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरांतील गज काढून पाहावा, आणि तो आंखूड भरला तर उद्यांची वाट न पाहतां पालटावा.