लोणारचा फेरा किती लांब?

लोणारच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. आर्यभटाचे ३.१४१६ हे गुणोत्तर लावले, तर काठावरून एका फेऱ्याचे अंतर ५.६५ किलोमीटर येते. पण काठ काही कंपासने आखलेला नाही. प्रत्येक घळीत शिरून मोजणाऱ्याचा आकडा वाढतो, खाली तळातल्या सरोवराच्या पाण्याच्या कडेने चालणाऱ्याचा चार किलोमीटरांच्याही आत येतो. मग खरे अंतर कोणते?

नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावण्याच्या ओरिएंटीअरिंग या खेळाने हा प्रश्न नियमाने सोडवला आहे. कोर्सची लांबी म्हणजे एकेक कंट्रोल, म्हणजे नकाशावर दाखवलेले गाठायचे ठिकाण, जोडत जाणारी सरळ रेषा. तळे, उंच कुंपण, कडा किंवा मनाई असलेला भाग आडवा आला, तरच ती वळवायची. चढ वेगळा सांगायचा.

लोणार अभयारण्य आहे, तेव्हा तिथला कोर्स कागदावरच आखू. सरोवराच्या पाण्याच्या समोरासमोरच्या कडांवर दोन कंट्रोल ठेवले, तर सरळ रेषा सुमारे १.२ किलोमीटर. पाणी ओलांडता येत नाही, म्हणून नोंदवायची लांबी जवळपास १.९. धावणारा रस्ता चुकून तीन किलोमीटर धावला, तरी १.९ हा आकडा खोटा ठरत नाही. तपासणाऱ्याने नकाशावरची रेषा तपासायची असते, धावणाऱ्याची पावले नव्हे.

जैन दर्शनातला अनेकान्तवाद इथे आठवतो. विधान खरे असते ते एका नयातून, म्हणजे एका बाजूने. याचा ‘सगळ्यांचेच बरोबर’ असा सैल अर्थ लावणे हा त्या दर्शनावर अन्याय आहे. नय सांगितला की विधान पडताळता येते आणि चूक असेल तर खोडताही येते. याच विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासात सुमारे ५ लाख ७० हजार. उल्का एकदाच पडली. इथे दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. फेऱ्याच्या लांबीचे तसे नाही, कारण काठ आणि पाण्याची कड या वाटाच दोन आहेत.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात प्रदक्षिणा घालणारा मीटर मोजत नाही. देव उजव्या हाताला राहिला पाहिजे आणि फेरा पुरा झाला पाहिजे. हा नियमही तितकाच काटेकोर आहे, फक्त तो लांबीचा नाही.

लोणारला फेरा मारून आलात आणि कोणी अंतर विचारले, तर आकड्यासोबत वाटही सांगा: काठावरून की पाण्याच्या कडेने. आणि महिनाही सांगा, कारण पावसानुसार पाण्याची कड सरकते.