४० टक्के

कुणी तुमच्या चालण्याचं मोजमाप घ्यायला बसलं, तर तुम्ही कसं चालाल? ‘नेहमीसारखं’ हे सरळ उत्तर. पण माझं नेहमीसारखं चालणंच मुळात बेतलेलं आहे.

मला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया आहे. यात लहान मेंदू हळूहळू झिजतो. तोल, हाताचा नेम आणि बोलण्याची लय बिघडत जाते. माझ्या प्रकारात एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं हवी त्यापेक्षा जास्त वेळा आली आहेत. (कोड लिहून पोट भरणाऱ्याच्याच वाट्याला वेळेवर न थांबलेला लूप यावा!) आईवडलांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी पुरते. प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. आजार थांबवणारं औषध अजून नाही.

बाबांना हेच होतं. अटॅक्सियात माणूस पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या बाबांना गल्लीत दारुडा म्हणायचे. मग ते भिंतीच्या कडेकडेने, उजेड असतानाच जायला-यायला शिकले. मी त्यांचं बघून शिकलो. ऑफिसात लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरून चालतो, मीटिंगला सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो, कॉफी अर्धा कपच घेतो. कुणाला कळत नाही. संध्याकाळी मात्र जेवायचंही त्राण उरत नाही.

२०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पण आरक्षणासारखे लाभ ४० टक्क्यांपासून पुढेच. जुन्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची वजावटही तिथूनच. पगार बरा असताना हे कशाला, असं मला विचारलं गेलंय. प्रश्न रास्त आहे. कर भरणाऱ्यालाच मिळणारी ही सवलत, दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाबांना तिचा काहीच उपयोग नव्हता. पण मी अर्ज केला नाही म्हणून ती दुसऱ्या कुणा हिशेबनिसाला मिळणार नाही. आणि माझा पगार किती वर्षं चालेल, हे माझ्या हातात नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, “काठी घेऊन जा, जरा जास्त अडखळ.” आई म्हणाली, “नीट चाल रे तिथे, लोक बघतात.” भावाचा सल्ला खोटेपणाचा, हे कुणीही सांगेल. आईचाही तसाच होता, हे मला रात्रभर जागून कळलं. तपासणीत शरीर काय करू शकतं ते दिसतं. त्यासाठी काय मोजावं लागतं ते दिसत नाही. मी कमावलेली सफाई दाखवली असती, तर ती किंमत मीच लपवली असती. ४० टक्क्यांचा उंबरठा चुकीचा नसेलही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण लपवण्यात पटाईत झालेला माणूस त्या रेघेच्या अलीकडेच राहतो.

डॉक्टरांनी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. लपवायचं नाही एवढंच ठरवलं होतं. तरी माझा हात आपोआप भिंत शोधायला गेला. तो मागे घेतला, आणि तिसऱ्या पावलाला पडलो.

प्रमाणपत्रावर ‘वाढत जाणारा’ या शब्दांवर खूण आहे. आईने आकडा वाचला, ती खूणही पाहिली.

“पडलास तिथे?”

“हो.”

“लागलं का?” तिने विचारलं. आणि थोड्या वेळाने, “तुझे बाबा कधी कुणासमोर पडले नाहीत.”