अडलेल्या शब्दापाशी

दुसरी-तिसरीतले मूल घरी मोठ्याने वाचीत असते आणि एखाद्या जोडाक्षरापाशी अडते. अशा वेळी तो शब्द त्याला लगेच सांगून टाकणे, ही मदत आहे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. आपल्याला शब्द ठाऊक आहे, मुलाला नाही. मग सांगण्यात गैर ते काय? तरीही या साध्या प्रसंगात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : दुसऱ्याला साह्य करणे कोठे संपते आणि त्याच्या वाट्याचे काम त्याच्याकडून काढून घेणे कोठे सुरू होते?

अडणे म्हणजे चुकणे नव्हे. आपली लिपी नियमबद्ध आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो व ते बव्हंशी खरेही आहे. परंतु मुलाच्या बाजूने पाहा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. ‘र’ हे एकच व्यंजन ‘सर्प’मध्ये डोक्यावर चढते, ‘चक्र’मध्ये पायाशी बसते आणि ‘तऱ्हा’मध्ये निराळेच रूप घेते. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतील ‘च’ लिहायला एक, बोलायला दोन. हे सारे जुळवीत असताना मूल क्षणभर थांबते. तो क्षण रिकामा नसतो. खरे वाचन त्यातच घडत असते. आपण मध्येच शब्द उच्चारला की धडा पुढे सरकतो खरा, परंतु वाचन आपले झालेले असते, मुलाचे नव्हे.

मग आपण घाई का करतो? मुलाची धडपड पाहवत नाही, हे कारण आपण देतो. ते अर्धेच खरे आहे. आपल्याला वेळ नसतो, शेजारचे मूल पुढे गेले हे मनात सलत असते, चार लोकांत आपला कमीपणा दिसू नये असे वाटत असते. कौटुंबिक प्रार्थनेत मुलाला शास्त्रपाठ वाचायला देण्याची चाल आपल्या अनेक घरांत आहे. ‘नबुखद्नेस्सर’ या नावापाशी ते अडखळले की कोणी हसते, तर कोणी नाव चटकन सांगून मोकळे होते. दोहोंतून मूल एकच धडा घेते : अडणे लाजिरवाणे आहे. मग ते अडणे लपवू लागते. चित्र पाहून अंदाज बांधते, किंवा धडा पाठ करून ओळींवरून नुसते बोट फिरवते. आपण मात्र त्याला छान वाचता येते, या समजुतीत राहतो.

याचा अर्थ त्याला एकटे झगडू द्यावे, असा नव्हे. तीही एक निष्ठुरताच होय. मनात पाचपर्यंत अंक मोजावेत. नंतर शब्द न सांगता तो बोटाने झाकून एकेक तुकडा उघडा करावा. शब्द सुटला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू द्यावे, म्हणजे तुटलेला अर्थ सांधला जातो. मूल रडवेले झाले, तर शब्द सरळ सांगावा. दर ओळीला अडू लागले, तर दोष मुलाचा नसून पुस्तकाच्या निवडीचा आहे. अधिक सोपे पुस्तक हाती द्यावे.

येथे कोणी विचारील की, दिवसभर राबून येणाऱ्या, स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या आईबापांवर हा भार का? आक्षेप रास्त आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तरीही ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४८.८ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. याचा जाब शाळेला व शासनाला विचारावा, कष्टकरी आईला नव्हे. परंतु शिकवणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. ऐकायला साक्षर असावे लागत नाही. “पुढे काय झालं रे?” असे आजीने विचारले, की आपल्या वाचण्याची कोणीतरी वाट पाहत आहे, हे मुलाला कळते. लक्ष्मीबाई टिळकांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. पतीच्या प्रोत्साहनाने त्या मराठी लिहावाचायला शिकल्या आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्याकडून मराठीला मिळाले. घरातल्या माणसाच्या विश्वासाचे बळ हे असे असते.

आपल्यापैकी जे बंगळूर, बडोदे वा हैदराबाद येथे राहतात, त्यांच्या मुलांची शाळा बहुधा दुसऱ्या भाषेची असते. तेथे मराठी वाचन घरातच रुजायचे. पण तेथेच आणखी एक संधी असते. रस्त्यावरची कानडी पाटी मुलाला वाचता येते, आपल्याला येत नाही. अशा वेळी निःसंकोचपणे त्याच्यापुढे अडावे आणि त्याला विचारावे. ते धीराने थांबते की हसते, यावरून आजवर त्याच्या अडण्यापाशी आपण कसे वागलो, ते आपल्याला समजेल.

आज रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसा. पुस्तक त्याच्या हाती असू द्या. ते अडले, तर आपण थांबा.