कर्त्याचा वाटा

जपानच्या गिफू प्रांतात, डोंगरांनी वेढलेल्या ताकायामा या गावी, सान्माची नावाच्या जुन्या पेठेतील काळपट लाकडी घरांच्या ओळीतून जाताना ज्या दुकानाच्या वळचणीला सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा, कातरून गोल केलेला भलाथोरला गोळा टांगलेला दिसतो, ते दुकान साकेचे, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या मद्याचे, असे खुशाल समजावे. नवी साके निघाली की हिरवा गोळा चढवतात, आणि तो वाळून जसजसा तपकिरी होत जाईल तसतशी आतली साकेही मुरत गेली, असे येणाऱ्याजाणाऱ्याने ओळखावे, हा संकेत. या प्रथेचे मूळ नारा प्रांतातील ओमिवा देवस्थानाकडे दाखवतात. तेथे मूर्तीचा गाभारा नाही. मागे उभा असलेला मिवा पर्वत हाच देव, आणि त्यावरचे सुगी वृक्ष पवित्र. साके करणारे लोक या देवाला आपल्या धंद्याचा रक्षक मानतात. अशा रीतीने दुकानात शिरण्यापूर्वीच एक प्रश्न उंबऱ्यावर उभा राहतो: जे माणसाने आपल्या हातांनी केले, त्याचे श्रेय त्याने देवाकडे का पाठवावे? हा केवळ विनयाचा उपचार आहे, की त्यात काही सत्य आहे?

आत फळीवर चवीचे पांढरे पेले मांडलेले असतात. त्यांच्या तळाशी निळ्या रंगाची दोन वर्तुळे, एकात एक, काढलेली असतात, आणि साके किती नितळ उतरली हे त्या निळ्या कडांवरून पारखतात. धंद्यातला पारखी घोट तोंडात घोळवून टाकून देतो, गिळत नाही. ज्या बौद्ध धर्माचे पाचवे शील मद्यपान वर्ज्य सांगते, त्याच धर्माच्या शोर्याकुजीसारख्या विहारात मध्ययुगात साके कशी होत होती, हा वाद येथे उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. मला ओढ लागली ती त्या पेयाच्या उत्पत्तीची.

तांदूळ घासून त्याचा वरचा थर काढून टाकतात. उंची प्रकारच्या साकेत तर मूळ दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भागच शिल्लक राहतो. मग तो धुऊन, भिजवून वाफवतात, आणि उबदार खोलीत त्यावर कोजी नावाच्या बुरशीचे बीज भुरभुरतात. सुमारे दोन दिवसांत ती बुरशी दाण्यात शिरून पिठाची साखर करू लागते, आणि किण्व त्या साखरेचे मद्य करते; ही दोन्ही कामे एकाच पिंपात एकाच वेळी चालतात, हे साकेचे वैशिष्ट्य. विरजण वाढवावे तसा हा माल तीन हप्त्यांत वाढवतात. परंतु पहिली भर घातल्यानंतरचा दुसरा दिवस पूर्ण मोकळा सोडतात. त्या दिवशी पिंपात काहीही घालायचे नाही. किण्वाची संख्या वाढू द्यायची आणि थांबायचे. पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवाने कारागिरांनी आपल्या कामाच्या अगदी मध्यभागी एक न करण्याचा दिवस नेमून ठेवला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तोजी, म्हणजे त्या कारागिरांचा प्रमुख, रात्री उठून खोलीची उष्णता तपासतो, दाणा हातात चुरून पाहतो, खिडकी उघडतो, पांघरूण ओढतो. पण तांदळाची साखर तो करत नाही, आणि करू शकत नाही. घरातल्या देव्हाऱ्यासमोर तो हात जोडतो ते आपल्या कामाचे खरे वर्णन जाणून, असे माझे मत झाले आहे.

त्याच दुकानात साकेशेजारी, ताकायामा ज्यात येते त्या हिदा प्रदेशाच्या कारागिरीच्या वस्तू ठेवलेल्या असतात. तबकांवर चढवलेले शुन्केई नावाचे रोगण पारदर्शक असते, म्हणजे रोगणाखालून लाकडाच्या रेषा दिसाव्यात हाच त्या कलेचा हेतू. आणि इचिई वृक्षाच्या लाकडातून कोरलेल्या मूर्तींना रंग मुळीच देत नाहीत, गाभ्याचा तांबूसपणा आणि बाहेरच्या थराचा फिकेपणा हेच त्यांचे रंग. येथेही कारागीर वस्तूपुढे उभा राहत नाही, थोडा बाजूला सरकतो.

या वृत्तीचे तत्त्वज्ञान मांडणारा पुरुष जपानात होऊन गेला. यानागी सोएत्सु (1889–1961) यांनी सामान्य लोकांच्या रोजच्या वापरातील वस्तूंचे सौंदर्य आयुष्यभर शोधले आणि 1936 मध्ये तोक्योत अशा वस्तूंचे संग्रहालय स्थापन केले. होनेन आणि शिनरान या संतांच्या सुखावती पंथातील परबलाचा सिद्धांत त्यांनी कारागिरीला लावला: साधक जसा स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर अमिताभ बुद्धाच्या करुणेने तरतो, तसा अनामिक कुंभार स्वतःच्या प्रतिभेने नव्हे, तर परंपरा, माती, अग्नी आणि अगणित पुनरावृत्ती यांच्या बळाने सुंदर घट घडवतो, असे त्यांचे म्हणणे.

हा विचार उदात्त आहे. तरी मी तो जसाच्या तसा स्वीकारू शकत नाही, आणि त्याचे कारण हिदाच्याच इतिहासात आहे. आठव्या शतकातील कायद्याने या गरीब डोंगराळ प्रांताला महसुलाच्या काही बाबी माफ केल्या, आणि त्यांच्या मोबदल्यात पन्नास घरांच्या प्रत्येक गावामागे दहा सुतार राजधानीच्या कामावर पाठवण्याचा हुकूम केला. नाऱ्याच्या राजवाड्यांवर आणि मंदिरांवर त्या हिदाच्या सुतारांचे हात लागले. त्यांतले कित्येक पळून गेले, आणि पळालेल्यांना हुडकून हजर करण्याचे फर्मान सरकारला काढावे लागले. जे पळाले त्यांचे अनामिकत्व शरणागतीतून आलेले नव्हते. ती वेठ होती. ज्याला आपले नाव सांगण्याची सोयच नव्हती, त्याच्या मौनाला वैराग्य म्हणणे हा अन्याय आहे, मग तो कितीही भक्तिभावाने केलेला असो.

येथे मला भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील विचार अधिक न्याय्य वाटतो. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला तेथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असा निर्वाळा दिला आहे. परंतु या यादीतून कर्त्याला वगळलेले नाही. तो पाचातला एक आहे. साकेच्या पिंपाशी ही पाचही कारणे डोळ्यांना दिसतात: डोंगरातले पाणी आणि थंडी, जागरण करणारा तोजी, पिंप व वाफेची पात्रे, घासणे-धुणे-ढवळणे, आणि दुसऱ्या दिवशी कोणी हात न लावता आत वाढणारे ते अदृश्य जीव. देव्हाऱ्यापुढे जोडलेले हात पाचव्या कारणाची कबुली देतात, आणि ती द्यावी हे योग्यच. दुसऱ्या कारणाची कबुली मात्र आपण, घेणाऱ्यांनी, द्यायची असते. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने आपल्या वारसा यादीत साकेसंबंधी जी नोंद केली ती पेयाची नाही, कोजीच्या साहाय्याने ते करण्याच्या ज्ञानाची आणि कौशल्याची आहे, हे मला म्हणूनच समाधानकारक वाटले.

ताकायामास जाण्याचा योग आला तर हिवाळ्यात जावे; साके गाळण्याचा तोच हंगाम, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेथील कारखाने पाळीपाळीने पाहुण्यांना आत घेतात. मद्य चाखावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या शीलाप्रमाणे ठरवावे. पण एखादे तबक किंवा बाटली हातात घेतल्यावर किंमत विचारण्याआधी ते करणाऱ्याचे नाव विचारावे, आणि मिळाले तर लिहून ठेवावे.