तुरुंग नको, दुकानही नको

ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कुठल्याच पिकाला खात्रीचा भाव नाही, घातलेला खर्चही निघत नाही, कारखान्याला दिलेल्या उसाचे पैसे अडकतात. तेव्हा आपल्या दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी, अशी मागणी होती. 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर 16 तारखेपासून परवानगी मिळाली असं समजून लागवड करीन, गुन्हा दाखल झाला तर जबाबदारी प्रशासनाची, असंही त्याने लिहिलं होतं. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. बातमी चार दिवस फिरली आणि लोकांनी हसून सोडून दिली.

हसण्यावारी नेण्यासारखा तो अर्ज नव्हता. गांजा खुला करावा की नाही हा वाद आपल्याकडे बहुधा मोठ्या शहरांत, कोलोरॅडो आणि कॅनडाचे दाखले देत चालतो. या अर्जाने तो बांधावर आणला. मीही तो कोऱ्हाळे बुद्रुकच्या बांधावरूनच मांडणार आहे. बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातलं हे गाव. ऊस हेच इथलं मुख्य पीक. सोमेश्वर आणि माळेगाव हे दोन्ही सहकारी कारखाने जवळ. पहिली उचल किती, एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, हप्ता कधी, हे विषय इथे लग्नाच्या पंगतीतही निघतात. पलीकडे इंदापुरातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ सीमाभागातला गांजा गाड्यांत दडवून याच वाटेने पुण्या-मुंबईकडे आणला जातो. पिकाला लागणारा आडोसा आणि माल नेणारा रस्ता, दोन्ही आपल्याच भागात आहेत.

माझं मत आधीच सांगतो. गांजा ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं बंद झालं पाहिजे, आणि गांजाचं दुकान मात्र उघडता कामा नये. बंदी किंवा खुला बाजार, यांतलं एक काहीतरी निवडलंच पाहिजे असा जो आग्रह दोन्ही बाजूंनी धरला जातो, तो मला मान्य नाही.

ऊस डोक्यावर गेला की फडात शिरलेला माणूस बांधावरून दिसत नाही. म्हणून उसात, तुरीत, हळदीत मधल्या सऱ्यांना गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या राज्यात कुठून ना कुठून येत असतात. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून तर वरचेवर येतात. छापा पडतो तेव्हा झाडं मुळासकट उपटून ताडपत्रीवर टाकतात. काटा येतो. खोड, फांद्या, पानं, मुळांना चिकटलेली माती, सगळ्याचं ओलं वजन एकत्र होतं आणि तो आकडा पंचनाम्यात जातो. त्या आकड्यावर एका घराची पुढची कित्येक वर्षं ठरतात. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजाची व्याख्या नेमकी आहे: झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे अल्प प्रमाण, 20 किलोंहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण. लागवडीच्या कलमाखाली 10 वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच. त्यावर व्यापारी प्रमाणाचं कलम लागलं की किमान 10 आणि कमाल 20 वर्षं सक्तमजुरी, एक ते दोन लाखांचा दंड, आणि कलम 37 मुळे जामीन दुरापास्त. ज्या झाडांचे शेंडे काढून वाळवले तर हाती थोडकाच गांजा लागेल, ती मातीसकट तोलली की 20 किलोंचा टप्पा सहज ओलांडतात. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या काही प्रकरणांत शेंडे आणि पाला यांतला हा फरक लक्षात घेतला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. तोवर माणूस येरवड्याच्या तुरुंगात असतो आणि ऊस दुसऱ्याच्या नावावर तुटतो.

याच देशात या झाडाविषयी कधीकाळी फार सावकाशीने, माणसांना विचारून निर्णय झाला होता. 1893 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उठला की हिंदुस्थानात गांजा-भांगेने लोक वेडे होतात, त्यावर बंदी का नाही? सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने देशभरातून 1,193 साक्षीदार तपासले: डॉक्टर, कलेक्टर, शेतकरी, साधू, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी. मुंबई इलाख्यातही चौकशी झाली. तेव्हा नगर जिल्ह्यात गांजाचं पीक उघडपणे घेतलं जात असे. 1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की बेताने घेणाऱ्यांवर म्हणण्यासारखा वाईट परिणाम दिसत नाही, अतिरेक मात्र घातक आहे, संपूर्ण बंदीची गरज नाही. परवाने, कर आणि मर्यादा यांनी वापर आटोक्यात ठेवावा. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा आणखी घातक नशेकडे वळतील, अशी भीतीही आयोगाने नोंदवली. इंग्रजांचा डोळा अबकारी उत्पन्नावर होता हे खरंच आहे, त्यामुळे तो अहवाल मी डोळे झाकून मानत नाही. पण ज्यांच्या आयुष्याशी संबंध आहे त्यांना आधी विचारलं, हे त्याचं मोठेपण आहे.

गावातही या व्यसनाची एक जागा ठरलेली होती. मठात, देवळाच्या ओट्यावर, जत्रेत गोसावी-बैरागी आणि फकीर चिलमीला ओली छापी गुंडाळून झुरका घेत. घरचे लोक आपल्या पोराला त्या घोळक्यात बसू देत नसत. गांजेकस म्हटलं की सोयरीक मोडे. म्हणजे समाजाचा धाक होता, आणि तो पुष्कळ होता. पण तिथे ओढत बसलेल्याला धरून चौकीत न्यावं असं कुणाच्या मनात येत नसे.

पुढे 1961 चा अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. गांजाचा पारंपरिक वापर असलेल्या देशांना तो वापर मोडून काढायला त्यात 25 वर्षांची मुदत होती. भारताने ती संपत आली तेव्हा एनडीपीएस आणला: ऑगस्ट 1985 मध्ये विधेयक लोकसभेत आलं, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली, 14 नोव्हेंबरपासून अंमल. 1893 च्या सरकारने हजारावर माणसांना विचारलं. 1985 च्या सरकारला तीन महिने पुरले. त्या काळात मुंबई-पुण्यात गर्दने पोरं खलास होत होती, हे विसरून चालणार नाही. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ती आग खरी होती. चूक इतकीच झाली, की गर्द आणि गांजा एकाच कायद्याच्या दावणीला बांधले गेले. प्रमाणानुसार शिक्षेत फरक करायलाही 2001 ची दुरुस्ती यावी लागली.

या कायद्याने आत कोण जातं? विधी या संस्थेने मुंबईतल्या एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतले बहुसंख्य खटले स्वतः सेवन करणाऱ्यांवरचे, त्यांतही मुख्यतः गांजाचे, आणि आरोपी बहुतांशी रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे निघाले. अल्प प्रमाण जवळ असलं तर एक वर्षापर्यंत कैद, सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत, किंवा दहा हजारांपर्यंत दंड. अशी नोंद झाली की पोलीस भरतीचा फॉर्म भरलेलं पोरगं चारित्र्य पडताळणीतच अडकतं. बारामतीच्या आसपास भरतीसाठी पहाटे पळणारी किती मुलं आहेत ते रस्त्यावर येऊन बघावं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 75 वयोगटातले सुमारे 14.6 टक्के लोक दारू पितात आणि 2.8 टक्के लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात असं दिसलं. गांजाच्या बाजूचे लोक हा आकडा दाखवून म्हणतात, दारू चालते तर गांजा का नाही? आमच्या भागात हा प्रश्न फार टोचतो, कारण उसाच्या मळीपासून आसवनीत मद्यार्क तयार होतो आणि त्यापासूनच्या दारूचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जातं. पण मी हा आकडा उलटा वाचतो. दारूचा आकडा पाचपट आहे, कारण दारूला दुकान आहे, परवाना आहे, परवान्यामागे पुढारी आहे, महसूल आहे. विकणारा तयार झाला की गिऱ्हाईक वाढवणं हा त्याचा धंदाच होतो. गांजाला तसा मालक मिळाला, तर 2.8 टक्क्यांवर तो समाधान मानणार नाही. आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक असेल कॉलेजातला मुलगा. रोज आणि जोरकस गांजा लहान वयात सुरू झाला तर मनोविकाराचा धोका वाढतो, विशेषतः घरात तशी प्रवृत्ती असेल तर, हे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार सांगतात.

मग बंदीच कडक करावी? महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली; आज टपरीवर पुडी मागून बघावी. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि चोरट्या दारूचं कारण देत 2021 मध्ये उठवली गेली. त्या बंदीसाठी बायकांनी मोर्चे काढले होते, हे मी आदराने लक्षात ठेवतो. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, पण नुसत्या बंदीच्या कागदाने ते हलकं झालं नाही.

आता मोहोळच्या अर्जाकडे येतो, कारण शेतकऱ्यांना यात सोन्याची खाण दिसते. गांजाला आज जो भाव आहे तो झाडाचा नाही, पकडलं जाण्याच्या धोक्याचा आहे. धोका काढला की भाव जातो. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. पुढच्या काही वर्षांत घाऊक भाव कोसळले. ओरेगॉनमध्ये इतकं पीक आलं की माल खपेना. ज्याने ऊस, कांदा आणि टोमॅटोचे दर पडताना पाहिले आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. झाड काटक आहे, हलक्या रानातही येतं. सगळ्यांनी लावलं तर दोन एकरवाल्याच्या हाती काय उरणार? पैसा मिळेल तो प्रक्रिया करणाऱ्या कंपनीला आणि परवानाधारकाला. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं तेव्हाही द्राक्षबागायतदाराचं नाव पुढे होतं. शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नशेची बाजारपेठ उभी करण्याला माझा ठाम विरोध आहे. उसाचे पैसे वेळेत मिळत नसतील तर लढाई त्या पैशांसाठी करावी.

खुल्या बाजाराची घाई काय करते ते थायलंडने दाखवलं. जून 2022 मध्ये तिथे गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, नियम मागाहून करायचे ठरले, हजारो दुकानं उघडली, आणि जून 2025 मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. जर्मनीने वेगळी वाट धरली. 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला 25 ग्रॅम जवळ बाळगता येतो, घरी तीन झाडं लावता येतात, आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून नफा न कमावणारे सभासदांचे क्लबही काढता येतात. दुकान नाही, जाहिरात नाही. मला या दोहोंतली जर्मनीची समज जास्त पटते.

राज्य सरकारच्या हातात काय आहे? एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे. कलम 8 प्रमाणे गांजाचा वापर वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांपुरताच. मंत्रालयाने मनात आणलं तरी मौजेसाठी तो खुला करता येणार नाही. तेव्हा ‘महाराष्ट्राने गांजा खुला करावा’ ही घोषणा मुळात चुकीच्या पत्त्यावर जाते. थोडा गांजा जवळ बाळगणं आणि ओढणं गुन्ह्यातून वगळायचं काम संसदेचं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2021 मध्ये तशी शिफारस केली होती. ती पुढे नेण्यासाठी राज्याने आग्रह धरावा. तोवर राज्याला पुष्कळ करता येतं. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम 64अ खटल्यापासून संरक्षण देतं, पण ते कलम गावात कुणाला माहीत नाही. पोलीस ठाण्याने गांजा ओढणारा मुलगा पकडला तर त्याला आधी ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवावं, आणि तिथे समुपदेशक खरोखर खुर्चीवर बसलेला असावा. छाप्यातल्या झाडांचे शेंडे वेगळे काढून तोलायची सक्त सूचना पोलिसांना द्यावी. आणि ज्यांना या झाडाचं उत्पन्नच घ्यायचं आहे त्यांच्यासाठी धाग्याच्या, बियाण्याच्या वाणाचा रस्ता आहे. उत्तराखंडाने 2018 मध्ये नशेचं प्रमाण नगण्य असलेल्या अशा भांगेच्या लागवडीला परवाना दिला. आपल्या कृषी विद्यापीठांनी ते वाण इथल्या जमिनीत लावून आधी बाजार बघावा, मग शेतकऱ्याला सांगावं.

आणि कधी काळी दिल्लीने विक्रीचा कायदा केलाच, तर एक अट पहिल्या दिवसापासून हवी. दारूचं दुकान मतदानाने बंद करायचा, बाटली आडवी करायचा जो हक्क महाराष्ट्रातल्या गावांना आहे, तो गांजाच्या दुकानाबाबत दुकान उघडण्याआधीच मिळाला पाहिजे. कोऱ्हाळ्यात दुकान येऊ द्यायचं का, हे आधी कोऱ्हाळ्यातल्या बायका मत देऊन ठरवतील. परवान्याची फाईल त्यानंतर हलेल.