विहिरीतली लाट

धरणगावकरांना समुद्र लांब. लाटेवर फळी घेऊन उभी राहणारी पोरं आम्ही पडद्यावरच पाहिली. आमची लाट विहिरीतली. आधी पाठीला वाळका भोपळा बांधून थोरल्यांनी ढकललं. पुढे ट्रॅक्टरची ट्यूब आली. तिचा व्हॉल्व्ह बरगडीवर ओरखडे काढायचा, तरी चौघं तिलाच लोंबकळायचो. वरून एकाने धप्पकन उडी टाकली की उरलेले तिघं हेलकावे खायचे.

त्यातला एक पोटापाण्यासाठी सुरतेला गेला. परवा फोनवर म्हणाला, "इथली तापी आपल्याकडूनच येते रे!" मध्ये उकाईचं धरण आहे, पण मी काही बोललो नाही.

आखाजीला तो येतोय. विहिरीत सध्या कमरेएवढंच पाणी आहे. ट्यूब मात्र पंक्चर काढून ठेवलीय.