नाव आणि जागा

एखादी जागा आपली म्हणण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो? तेथे आपण जन्मलो म्हणून, तिची मालकी आपणाकडे आहे म्हणून, की तेथे काही काळ मन लावून राबलो म्हणून? दर तीन-चार वर्षांनी सरकारी घराच्या किल्ल्या परत करणाऱ्या आपणांसारख्यांना हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही. तथापि स्वतःच्या घराविषयी विचार करताना मन निःपक्षपाती राहत नाही. म्हणून एक दूरचे उदाहरण घेणे बरे.

अमेरिकेतील लुइझियाना संस्थानाची राजधानी बॅटन रूज. तेथील राज्य विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे मैदान १९३८ साली सिद्ध झाले. त्याला पुढे मिळालेले नाव कोणा धनिकाचे नव्हते, की राज्यपालाचे नव्हते. ॲलेक्स बॉक्स हा १९४२ च्या विद्यापीठ-संघातला खेळाडू. पुढल्याच वर्षी तो उत्तर आफ्रिकेच्या रणभूमीवर कामी आला आणि त्याच वर्षी विद्यापीठाने मैदानाला त्याचे नाव दिले. पुढे पासष्ट वर्षे तेथे खेळ चालला. २००९ साली जवळच, दहा हजारांवर प्रेक्षक बसू शकतील असे नवे मैदान सुरू झाले. जुने बांधकाम नंतर पाडण्यात आले. नाव मात्र नव्या वास्तूलाही तेच देण्यात आले.

नैतिक प्रश्न येथेच उद्भवतो. ज्या मातीत तो तरुण धावला, ती माती मागे राहिली. नव्या मैदानाला त्याचा पदस्पर्शही झालेला नाही. मग तेथे त्याचे नाव लावणे ही स्मृतीची जपणूक, की जुन्या पाटीचा सोयीस्कर उपयोग? आक्षेप क्षुल्लक नाही. स्मारकाचे बळ पुष्कळदा 'हे येथेच घडले' या एका वाक्यात असते, आणि ते वाक्य नव्या मैदानाला उच्चारता येत नाही.

परंतु विद्यापीठाच्या संघाचे स्वरूप पाहावे. त्यातील कोणताही खेळाडू साधारणतः चार वर्षांहून अधिक काळ टिकत नाही. ज्या संघाचे ते घर, तो संघच सतत नवा होत असतो. माणसे बदलली, माती बदलली. मग उरले काय? उरले ते ऋण. आपल्याकडे पितृऋणाची कल्पना आहे. ते कोणत्याही भूखंडावर चढविलेले नसते. मुलगा जेथे जाईल तेथे ते त्याच्यासोबत जाते, आणि त्याची फेड आचरणानेच व्हावी लागते. नावाचेही तसेच आहे.

तेथे आणखी एक गोष्ट घडली. १९९१ ते २००० या काळात संघाला पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारे मार्गदर्शक स्किप बर्टमन यांचे नाव २०१३ साली आतल्या क्रीडांगणाला देण्यात आले; वास्तूचे नाव मात्र बदलले नाही. यशाचा गौरव झाला, पण त्यासाठी ऋणाला बाजूस सारले नाही. ज्या देशात मैदानांची नावे कंपन्यांना विकली जातात, तेथे हा विवेक लहान म्हणता येणार नाही.

मात्र याला एक अट आहे. नाव न्यायचे तर त्यामागची हकीकतही न्यावी लागते. तिकीट काढून आत शिरणाऱ्या मुलाला 'हा ॲलेक्स बॉक्स कोण?' या प्रश्नाचे उत्तर कोणी देणार नसेल, तर ते नाव केवळ पत्ता होऊन बसते. मग जुन्या जागी राहिले काय आणि नव्या जागी आले काय, सारखेच.

बेसबॉलमध्ये फलंदाज ज्या पांढऱ्या पंचकोनी तुकड्यापाशी उभा राहतो, त्याला त्या खेळात 'घर'च म्हणतात. तेथून निघून, तीनही थांबे ओलांडून तो पुन्हा तेथे पोचला, तरच धाव मोजली जाते. तो तुकडा कोणत्याही मैदानात बसविता येतो. परतण्याचा नियम तेवढा बदलत नाही.

आपल्या मुलांनी आपले गाव कदाचित सुट्टीतच पाहिले असेल. आडनावात ते गाव असले, तरी तेवढ्याने ती त्या गावची होत नाहीत. आजोबांनी तेथे काय सोसले, कोणी त्यांना हात दिला, हे त्यांना सांगितले पाहिजे. घर मागे राहिले याची खंत स्वाभाविक आहे. परंतु सांगणे थांबले, तर तो दोष बदलीच्या हुकमाचा नसेल.